'तारण झाले', 'तारण झाले आहे' की 'तारण होत आहे'?

पागोळी
एका अभ्यासपुस्तिकेच्या भाषांतरात अडकलेली गाठ आहे, सोडवायला मदत हवी. पुस्तिकेचा विषय असा की बायबलच्या नव्या करारात तारण (देवाने माणसाला पापातून, नाशातून वाचवणं) ही मेल्यानंतर पदरात पडायची गोष्ट नाही, ती आत्ता, इथे चालू असलेली गोष्ट आहे. सगळा युक्तिवाद क्रियापदांच्या काळावर उभा आहे. तीन जागा प्रेषित पौलाच्या नावावरच्या पत्रांतल्या (आकडे अध्याय आणि वचनाचे). इफिसकरांस २:८ ला छापील मराठीत 'तुमचे तारण झालेले आहे'. १ करिंथ १:१८ ला चालू वर्तमान, म्हणजे तारण 'होत आहे'. रोमकरांस ५:९ ला सरळ भविष्य. संपादकांनी वाचक गोंधळेल म्हणून तिन्ही ठिकाणी 'तारण होते' असं करून टाकलं. वर मुद्रितशोधनात समासात शेरा: "तारण? कोणत्या कर्जाचं?"

प्रश्न दोनच. मूळ ग्रीकमधला काळांचा फरक मराठीत कितपत जपता येतो? आणि 'तारण' हा शब्द ठेवावा की बदलावा?

टाचणी
'तारण होते' हे तिन्हींपैकी एकाही ठिकाणी चालणार नाही. ते 'पाऊस पडतो'सारखं झालं, नेहमीचा नियम सांगणारं.

इफिस २:८ मध्ये 'एस्ते सेसोस्मेनोय' आहे. 'एस्ते' म्हणजे आहात, 'सेसोस्मेनोय' हे 'सोझो' (वाचवणे, तारणे) या धातूचं पूर्णकालवाचक कर्मणी धातुसाधित. क्रिया मागे घडून गेली, तिने आणलेली स्थिती आज टिकून आहे. आता मराठीची मजा बघा. 'झाले' म्हणजे घडलं. 'झाले आहे' म्हणजे घडलं आणि त्याचा आजशी संबंध आहे. 'झालेले आहे' म्हणजे घडलेल्या अवस्थेत आहे. 'दार उघडलं', 'दार उघडलं आहे', 'दार उघडलेलं आहे'. तिसऱ्यात कुणी कधी उघडलं हे मागे पडतं, आत्ता दार कसं आहे तेवढं उरतं. ग्रीकमध्ये धातुसाधित अधिक 'असणे', मराठीतही धातुसाधित अधिक 'असणे'. इतकी नेमकी जोडी इंग्रजीत बसत नाही. तेव्हा छापील मराठीतलं 'झालेले आहे' हलवू नका.

खोट दुसरीकडे आहे. ग्रीक वाक्याचा कर्ता 'तुम्ही' आहे. मराठीत कर्ता 'तारण' होऊन बसला आणि 'तुम्ही' षष्ठीत गेलात. 'तुम्ही तारलेले आहात' असं हवं. 'तुमचे तारण झालेले आहे' हे 'तुमचे काम झालेले आहे, खिडकी क्रमांक ३ वर या' अशा चालीचं वाटतं.

खतावणी
मुद्रितशोधकाला हसू नका. पतसंस्थेच्या काउंटरवर 'तारण' म्हटलं की एकच अर्थ निघतो. सोनेतारण, मालतारण, तारणमूल्य. दागिना संस्थेच्या तिजोरीत राहतो, कर्ज फिटलं की परत मिळतो. गाडीच्या कर्जात गाडी तुमच्याच दारात राहते, त्याला 'नजरगहाण' हा वेगळा शब्द. आणि ज्याला काहीच ठेवावं लागत नाही ते 'विनातारण कर्ज'. चर्चमधून बाहेर पडलेल्याने समोरच्या फलकावर 'विनातारण, तात्काळ' वाचलं तर त्याचं काय व्हावं!

ओवीबद्ध
म्हणूनच हा शब्द टाकावा. आपल्याकडे 'उद्धार' आहे, 'मुक्ती' आहे, 'मोक्ष' आहे. शेकडो वर्षं घासूनपुसून लखलखीत झालेले शब्द सोडून सावकारी शब्द कशाला? आणि 'आत्ताच, जिवंतपणी' हेच सांगायचं असेल तर 'जीवन्मुक्त' तयारच आहे. याचि देही याचि डोळा.

टाचणी
ओवीबद्ध, 'उद्धार' घेऊन बघा. "शेजाऱ्याने आज आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला." लखलखीत?

शेंगदाणा
😄 तसंच 'कल्याण'. "झालं कल्याण!" म्हटल्यावर कुणालाही बरं वाटत नाही.

मराठीत पवित्र शब्दांना गंज फार लवकर चढतो. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव पुष्कळांसाठी 'खंडणी' म्हणून द्यायला आला असं छापलेलं आहे. ग्रीक शब्द 'लुट्रोन': गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. 'खंडणी' त्या काळी ठीक असेल. आज 'खंडणीविरोधी पथक' डोळ्यांपुढे येतं.

पागोळी
'जीवन्मुक्त' पुस्तिकेत नको. त्या शब्दामागे ज्ञानाने अज्ञान फिटण्याची, प्रारब्ध संपेपर्यंत देह उरण्याची सगळी मांडणी उभी आहे. इफिस २:८ म्हणतं, हे तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे. शब्द काळाच्या बाजूने जुळला तरी कर्त्याच्या बाजूने हुकतो.

वसईचा वारा
'मुक्ती'वर इतकं तुटून पडू नका. कॅथलिक मराठीत 'मुक्तिदाता' सर्रास आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या संस्थेचं नावच 'मुक्ती'. याच रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून, बोजड संस्कृत शब्द गाळून, अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता येईल असं बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या. ज्यांना संस्कृतचा मोह सोडायचा होता त्यांनाही 'मुक्ती' परका वाटला नाही, एवढंच.

गोव्यात कोकणीत 'सोडवणदार' म्हणतात. सोडवणारा. शब्द ऐकताच अर्थ कळतो, फोड करून सांगावी लागत नाही.

मागल्या दारी
'सोडवणदार' सुंदर आहे, पण 'सुटणे' मराठीत आणलंत की पुस्तिकेचा मुद्दाच कोसळतो. आपण 'सुटला बिचारा' कुणाबद्दल म्हणतो? दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेलेल्या माणसाबद्दल. 'मुक्त झाला', 'सुटली एकदाची', सगळं तिरडीजवळचं बोलणं. 'वाचला' मात्र जिवंत माणसाबद्दलच म्हणतात. ट्रक अंगावर येता येता वळला, "वाचलो!" डॉक्टरांनी वाचवलं. देव तारी त्याला कोण मारी. मराठीत सुटका मरणाच्या दाराने येते, वाचणं जगण्याच्या दाराने. तारण ही आजची गोष्ट आहे असं सांगायचं असेल तर निवड 'तारण की मुक्ती' अशी नाहीच. 'वाचवणे' घ्या.

टाचणी
याला भक्कम आधार आहे. सिरियाक भाषेतल्या जुन्या भाषांतरात, पेशित्तामध्ये, 'सोझो'साठी नेहमीचा धातू 'हया' आहे. म्हणजे जगणे. त्याचं प्रयोजक रूप वाचवण्यासाठी, आणि तारणाऱ्याला 'महयाना', म्हणजे जगवणारा. रक्तस्रावाने बारा वर्षं पीडलेल्या बाईला येशू म्हणतो ते वाक्य (मार्क ५:३४) सिरियाकमध्ये 'तुझ्या विश्वासाने तुला जगवलं' असं येतं. आणि सिरियाक ही येशूच्या बोलीच्या, अरामीच्याच घरातली.

ग्रीकमध्ये त्या ठिकाणी 'सेसोकेन से', पुन्हा पूर्णकाळ. अगदी तेच शब्द लूक ७:५० मध्ये आहेत. तिथे आजार नाही, पापी म्हणून गावाने ओवाळून टाकलेली बाई आहे. मराठीत मार्कला 'बरे केले आहे' आणि लूकला 'तारले आहे'. एकच वाक्य दोन बायकांना बोललेलं आणि मराठी वाचकाला ते कळायची सोय नाही. 'तुझ्या विश्वासाने तुला वाचवले आहे' दोन्हीकडे चाललं असतं.

ओवीबद्ध
'वाचवले' फार मिळमिळीत आहे. बस चुकली असती, मित्राने वाचवलं. परीक्षेत शेजारच्याने वाचवलं. देवाच्या तोंडी हेच क्रियापद? शब्दाला काही उंची नको का?

मागल्या दारी
'सोझो'ला तरी कुठे उंची होती? मत्तय १४:३० मध्ये येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागतो आणि ओरडतो, 'कीरिए, सोसोन मे', प्रभू, मला वाचव. तोच धातू. नाकातोंडात पाणी जात असताना कुणी 'प्रभो, माझा उद्धार करा' म्हणत नाही.

शेंगदाणा
'वाचवा' आणि 'वाचा' यांचा घोळ होईल. 'वाचाल तर वाचाल' हे ग्रंथालयाचं वाक्य आधीच आहे. बायबल सोसायटीला फुकटची जाहिरात.

खतावणी
'तारण'ची व्युत्पत्ती कुणी सांगेल का? माझ्या मते दोन शब्द वेगळे. कर्जाचं 'तारण' हे 'तारीख'च्या बाजूने आलं असावं, मुदतीशी संबंध म्हणून.

टाचणी
नाही हो. 'तारीख' अरबी. 'तारण' संस्कृत 'तॄ' धातूचं: तरणे, पार जाणे. त्याचं प्रयोजक तारणे, पार नेणे. 'तारू' म्हणजे गलबत, तेही तिथलंच. कर्जाच्या अर्थाकडे वळण सोपं आहे: बुडणाऱ्या कर्जाला जे तारतं ते तारण. कर्जही बुडतंच ना आपल्याकडे? 'पैसे बुडाले', 'बुडीत खातं'. सगळी उपमा पाण्याची.

उलट हाच फरक धाग्याच्या मुळाशी आहे. ग्रीक 'सोझो' ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ धड, शाबूत. त्यात नदी नाही. मराठी 'तारण'मध्ये नदी आहे, आणि नदीत माणूस पैलतीराला लागेपर्यंत तरला असं म्हणत नाहीत. म्हणून मराठी कानाला 'तारण' आपोआप शेवटाकडे, भविष्याकडे झुकलेलं वाटतं. संपादकांना 'झालेले आहे' खटकलं असेल तर त्यामागे नुसतं व्याकरण नाही, हे चित्रही आहे.

शेंगदाणा
अवांतर: मग 'तारांबळ'ही यातलंच? तारून नेताना होणारी धावपळ?

टाचणी
छे. ते लग्नमुहूर्तावर 'ताराबलं चंद्रबलं' घाईघाईने म्हणतात त्यावरून आलं असं सांगतात. आणि 'तरणाताठा'मधला 'तरणा' तरुणवरून. कृपा करून यादी वाढवू नका.

वसईचा वारा
काळाकडे परत या. १ करिंथ १:१८ बद्दल कुणी बोललंच नाही. तिथे 'तोइस सोझोमेनोइस', वर्तमान कर्मणी धातुसाधित: ज्यांना वाचवलं जात आहे ते. त्याच वाक्यात त्यांच्या समोर उभे आहेत ते 'ज्यांचा नाश होत आहे'. दोन्ही टोळ्या वाटेवर आहेत, कुणीच पोचलेलं नाही. इंग्रजीच्या १६११ च्या भाषांतराने पहिल्या गटाला 'तारलेले' करून टाकलं आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीने ते 'तारले जात असलेले' असं दुरुस्त केलं. म्हणजे पुस्तिकेचे संपादक करताहेत ती चूक पूर्वी मोठमोठ्यांनी केलेली आहे. प्रेषितांची कृत्ये २:४७ लाही तेच धातुसाधित, तिथेही तसाच घोळ झाला होता.

पागोळी
हे फार उपयोगी. म्हणजे इफिसमध्ये झालेलं, करिंथमध्ये होत असलेलं, रोममध्ये होणारं. मग पुस्तिकेच्या मथळ्यात 'तारण: आजची गोष्ट' लिहिणं बरोबर की अर्धवट?

टाचणी
अर्धवट. 'सोझो'चा पूर्णकाळ पौलाच्या नावावरच्या सगळ्या पत्रांत फक्त इफिस २:५ आणि २:८ ला येतो. ज्या पत्रांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही त्यांत तो नाही. तिथे वर्तमान आणि भविष्यच जास्त. इफिसकरांस पत्र पौलाचंच की त्याच्या शिष्याचं या वादात हाही एक मुद्दा धरतात. रोमकरांस ८:२४ मध्ये साधा भूतकाळ आहे, 'एसोथेमेन', आपण तारले गेलो, पण त्याला लगेच 'आशेने' हा शब्द जोडलेला. आणि रोमकरांस १३:११ सांगतं की विश्वास ठेवला तेव्हापेक्षा आता तारण जवळ आलं आहे. जवळ आलेली गोष्ट हातात नसते.

मागल्या दारी
पण 'आज' हा शब्द लूकने उगाच वापरलेला नाही. 'सेमेरोन'. २:११ ला आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला. ४:२१ ला नासरेथच्या सभास्थानात, आज हा शास्त्रलेख पूर्ण झाला. १९:९ ला यरीहोत, आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे. २३:४३ ला वधस्तंभावर, आज तू माझ्याबरोबर. याची मुळं जुन्या करारात जातात: निर्गम १४:१३ मध्ये समोर समुद्र, पाठीमागे फारोचे रथ, आणि मोशे सांगतो की परमेश्वर 'आज' तुमचं जे तारण करील ते पाहा. तिथे तारण म्हणजे पाठीवर आलेल्या सैन्यापासून वाचणं. परलोक नाही.

यरीहोचं दृश्य नीट बघा. जक्कय मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. खाली उतरून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना 'देतो', कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत 'करतो'. ग्रीकमध्ये दोन्ही क्रियापदं वर्तमानकाळी, 'दिदोमि' आणि 'अपोदिदोमि'. अभ्यासकांत भांडण आहे: तो आधीपासून देत होता आणि ते सांगतोय, की या क्षणी ठरवतोय? मराठीला या भांडणात पडायची गरजच नाही. 'देतो' म्हणजे रोज देतो, आणि 'देतो' म्हणजे 'थांबा, देतो'. दोन्ही अर्थ जिथल्या तिथे राहतात.

खतावणी
आणि वसुलीवाल्यांचा अनुभव असा की 'देतो'चा तिसराही अर्थ असतो: देत नाही.

शेंगदाणा
मराठी भूतकाळही काही कमी नाही. 'आलो, आलो!' असं आतल्या खोलीतून ओरडणारा अजून चप्पल शोधत असतो. 'बुडालो!' म्हणणारा अजून बुडालेला नसतो. तेव्हा 'तारण झाले' यातला 'झाले' घडलेलाच असतो असं समजू नका. 'हे बघ, झालंच' म्हणजे अजून अर्धा तास.

टाचणी
हे विनोदात काढू नका. नुसतं 'झाले' का नको आणि 'झालेले आहे' का हवं याचं उत्तर हेच. 'आलो' चप्पल शोधताना म्हणता येतं, 'आलेलो आहे' म्हणता येत नाही.

खतावणी
इतका वेळ सगळे 'आधीच झालं' आणि 'अजून व्हायचं' यांत अडकलात. माझ्या धंद्यात यासाठी एक शब्द आहे आणि तो मराठी बायबलमध्ये छापलेला आहे: विसार. इफिसकरांस १:१४, २ करिंथ १:२२ आणि ५:५. पवित्र आत्मा हा वतनाचा, म्हणजे पुढे मिळायच्या वारशाचा, विसार.

जमिनीच्या व्यवहारात विसार दिला की सौदा बांधला गेला. विसारपावती होते, त्यात गट नंबर, ठरलेली किंमत, दिलेली रक्कम आणि उरलेली किती दिवसांत द्यायची ते लिहितात. घेणाऱ्याने मागे घेतलं तर विसार बुडाला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विसार हा किमतीचाच भाग असतो. दहा लाखांच्या सौद्यात पन्नास हजार विसार दिला तर राहिले साडेनऊ लाख. तारणाचं उलटं: कर्ज फेडलं की तारण परत. म्हणून तारण ही नुसती हमी, विसार हा हप्ता. पुस्तिकेला हवा तो अर्थ, आज हातात थोडं पण खरं, बाकीचं ठरलेलं, हा 'विसार'मध्ये आहे, 'तारण'मध्ये नाही.

टाचणी
खतावणी, आज तुमचा दिवस. ग्रीक शब्द 'अर्राबोन', व्यापारी बोलीतला, हिब्रू 'एराबोन'वरून आलेला. आजच्या ग्रीकमध्ये त्याच शब्दाचा अर्थ साखरपुडा.

पण एक खुट्टी. उत्पत्ती ३८ मध्ये यहूदा तामारेला कळपातलं करडू पाठवायचं कबूल करतो आणि तोवर आपली मुद्रा, गोफ आणि काठी 'एराबोन' म्हणून ठेवतो. करडू पोचलं की वस्तू परत घ्यायच्या असा करार. म्हणजे तुमच्याच व्याख्येने ते तारण, विसार नव्हे. एकाच शब्दाने हिब्रूत तारण सांगितलं, ग्रीकमध्ये विसार.

खतावणी
मग ते गहाण. तारण नाही. गहाणात वस्तू...

ओवीबद्ध
म्हणजे शेवटी सावकारीच. मी म्हणत होतो तेच. संतांनी भवसागर म्हटलं, नाव म्हटलं, पैलतीर म्हटलं. तुम्ही पावती आणि गट नंबर घेऊन बसलात.

मागल्या दारी
पौलानेच पावती घेतली आहे, आमचा इलाज नाही. इफिस बंदराचं शहर होतं, वाचणाऱ्यांना 'अर्राबोन' बाजारातून माहीत होता. उंच शब्द त्यालाही सुचले असतेच.

वसईचा वारा
'विसार' शहरी वाचकाला कळेल का? घर घेताना सगळे 'टोकन' म्हणतात.

शेंगदाणा
आमच्याकडे 'इसार'. इसारपावती. बैलबाजारातसुद्धा इसार. 'विसार' पुस्तकी वाटतं. विसरू नये म्हणून देतात तो विसार, असं ऐकलंय.

टाचणी
'विसरणे'शी काही संबंध नाही, ऐकू येतं म्हणून जोडू नका. आणि 'विसार' पुस्तकी नाही, खेडोपाडी 'वि'चा 'इ' होतोच: विहीर आणि इहीर, विस्तव आणि इस्तू.

खतावणी
काही भागांत 'बयाणा'ही म्हणतात. पण बयाणा आणि विसार एकच का? बयाणा परत मिळतो असं काही जण धरतात.

ओवीबद्ध
बयाणा हिंदीतून आला. मराठी शब्द असताना तो का?

शेंगदाणा
हिंदीतून आला की फारसीतून? आणि बैलबाजारात तो कधीपासून आहे ते आधी बघा.

पागोळी
सगळ्यांचे आभार, पण उद्या फाइल छपाईला जायची आहे. इफिस २:८ ला 'तुम्ही तारलेले आहात' करू की 'वाचवलेले आहात'?

खतावणी
बयाण्याची पावती करतात का, तेवढं कुणी सांगा.